एसी रात्रभर कट होत नाही, दोनदा गॅस भरून झाला

तिसरा_मजला (बेसा, नागपूर)
१५ मे, रात्री ११:४०

नमस्कार. हे लिहीत असताना आतल्या खोलीतला एसी सलग चार तास चालू आहे. म्हणजे बाहेरच्या युनिटचा कॉम्प्रेसर आठ वाजल्यापासून एकदाही थांबलेला नाही. सकाळी सहाला मी बंद करते तेव्हाच थांबतो. गेले तीन आठवडे रोज हेच.

माहिती देते. दीड टनाचा स्प्लिट, साधा, इन्व्हर्टर नसलेला. २०१७ मध्ये घेतला. खोली अकरा बाय बारा, तिसरा मजला, वर थेट गच्ची, पश्चिमेची भिंत. पहिली पाच-सहा वर्षं काही तक्रार नव्हती. रात्री दहाला लावला की अकरा-साडेअकरापर्यंत आउटडोअर खट् करून थांबायचं, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा सुरू व्हायचं. तो आवाज झोपेतही ओळखीचा होता. आता तो येतच नाही.

गेल्या वर्षी मेकॅनिकने "गॅस कमी आहे" म्हणून भरला. या एप्रिलमध्ये दुसऱ्याने पुन्हा भरला, सर्व्हिसिंगसह ३,२०० रुपये. चार दिवस बरं वाटलं, मग परत तेच. परवा तिसरा आला, तो म्हणतो कॉम्प्रेसर थकलाय, बदला, नाहीतर नवा एसीच घ्या.

२४ वर ठेवत होतो, मग २२, आता १८ वर आहे. खोलीतला थर्मामीटर २८ च्या खाली जात नाही. एप्रिलचं बिल गेल्या वर्षी ४१० युनिट होतं, यंदा ६५५.

या खोलीत सासूबाई झोपतात, त्यांच्याजवळ मी. मागच्या वर्षी त्यांची बायपास झाली. डॉक्टरांनी उन्हाळाभर गारव्यात ठेवा असं बजावलंय. सासऱ्यांना एसी सोसत नाही, गुडघे धरतात, म्हणून ते हॉलमध्ये कुलरपुढे झोपतात. त्यामुळे एसी बंद ठेवून चालणार नाही आणि नवा घ्यायचं आत्ता बजेट नाही.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी मी स्वतः धुते. पाइपावर बर्फ नाही. पाण्याची नळी चोंदलेली नाही, उलट बाल्कनीतली बादली सकाळपर्यंत काठोकाठ भरते, तेच पाणी मी मोगऱ्याला घालते. मग बिघाड आहे कुठे?

---

कर्वेनगर_कर
१६ मे, सकाळी ७:१५

एक गोष्ट आधी करा, १८ वरून परत २४ वर आणा. साध्या एसीला कॉम्प्रेसर चालू आणि बंद एवढंच कळतं. १८ केल्याने तो जास्त जोरात गार करत नाही, फक्त थांबायची रेघ अजून लांब जाते. २०२० पासून स्टार लेबलवाले एसी सुरू केल्यावर आपोआप २४ वरच उघडतात, ते उगाच नाही. वर पंखा एक-दोन नंबरवर ठेवा.

कॉम्प्रेसर बदलायचा निर्णय मात्र घाईने घेऊ नका. त्यात खर्च मोठा होतो.

---

तांब्याची_नळी (नागपूर)
१६ मे, सकाळी ९:५०

ताई, तुमचा प्रश्न तीन वेळा वाचला. मी २६ वर्षं याच शहरात एसी-फ्रिजचं काम करून राहिलो, आयटीआय करून लागलो तेव्हा खिडकीचे एसी होते. जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्यासारख्या घरांत दर मे महिन्यात गॅस भरला जातो आणि रोग तसाच राहतो. ते पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

एसी थांबत नाही याचे दोन अगदी वेगळे अर्थ असतात. खोली थंडगार झाली, अंगावर चादर घ्यायची वेळ आली, तरी कॉम्प्रेसर चालूच, तर दोष विजेच्या भागात. रिलेचे (कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेले असतात, नाहीतर तापमानाचा सेन्सर बिघडलेला. अर्ध्या तासाचं काम असतं. पण खोली थंड होतच नाही म्हणून कॉम्प्रेसर चालू, तर मशीन बिचारी सांगितलेलंच करते आहे. तुमची खोली २८ वर अडकली आहे, म्हणजे तुमचं दुसरं. इथे विचारायचा प्रश्न एकच: एकतर मशीन कमी उष्णता काढते, नाहीतर खोलीत जास्त उष्णता येते. कुठलं?

तिन्ही मेकॅनिक पहिल्यावर गेले. दुसरं कोणी पाहिलंच नाही.

आता तुमच्या शेवटच्या परिच्छेदाकडे या. बादली काठोकाठ भरते असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ताई, नागपुरात १५ मेला एसीची बादली काठोकाठ कशी भरेल? बाहेर ४४-४५ ची कोरडी झळ आहे. धुतलेली साडी गच्चीवर पंधरा मिनिटांत वाळते. एवढ्या कोरड्या हवेत एसीला काढायला पाणी असतंच किती? खोलीत दोन माणसं झोपली तर त्यांच्या श्वासाचं आणि घामाचं मिळून रात्रीतून लिटर-दीड लिटर निघेल. बाकीचं पाणी आलं कुठून?

हॉलमधून आलं. बाबांच्या कुलरमधून.

कुलर पाणी हवेत घालतो, एसी तेच पाणी हवेतून काढतो. तुमच्या घरात दोघं रात्रभर एकमेकांविरुद्ध चालून राहिले आहेत.

याचा हिशेब सांगतो, आकडे पाहिल्याशिवाय हे पटत नाही. एक लिटर पाणी वाफेतून परत थेंबांत आणायला एसीला साधारण ०.६८ युनिटाइतकी उष्णता खेचावी लागते. तुमची बादली १५ लिटरची धरली तर रात्रीतून दहा युनिटांइतकी उष्णता झाली. आठ तासांत वाटली तर ताशी सव्वा युनिट, म्हणजे सव्वा किलोवॅट. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. म्हणजे तुमच्या दीड टनातला एक-तृतीयांश टनाहून जास्त भाग नुसतं पाणी गाळण्यात जातो, आणि त्यातून थर्मामीटर एक अंशही खाली येत नाही. एसी एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता काढतो, म्हणून वीज म्हणाल तर रोजची तीन-साडेतीन युनिटं, महिन्याची शंभर.

मला चार गोष्टी सांगा:

कुलर चालू असताना हॉलची दुसरी खिडकी उघडी असते का? बेडरूमच्या दाराखाली फट किती? खोलीला लागून संडास-बाथरूम आहे का, आणि त्यातला एक्झॉस्ट पंखा रात्री चालू असतो का?

आणि आज रात्री एक करा. कुलर आणि एसी दोन्ही चालू असताना, दार लावून, दाराच्या खालच्या फटीशी आतल्या बाजूने उदबत्ती धरा. धूर कुठे जातो ते पाहून लिहा.

---

ठाणे_पश्चिम
१६ मे, दुपारी १२:३०

गोंधळ वाटतोय थोडा. आमच्याकडे एसीची बादली बारा महिने भरते, मे असो की ऑक्टोबर. आम्ही त्यालाच एसी नीट चालल्याची खूण समजतो. पाणी गळणं बंद झालं तर उलट मेकॅनिकला बोलावतो.

---

तांब्याची_नळी
१६ मे, दुपारी २:०५

दादा, तुमचं तुमच्या जागी शंभर टक्के बरोबर आहे. ठाण्याला खाडी आहे, समुद्र जवळ आहे, तिथली हवाच ओली. तिथे पाणी निघालं नाही तर एसी आजारी. तुमच्या एसीचं बरंचसं लक्ष पाणी काढण्यातच असतं आणि तो त्या हिशेबानेच बसवलेला असतो.

म्हणूनच मुंबईचे सल्ले नागपुरात आणि नागपूरचे मुंबईत जसेच्या तसे चालत नाहीत. तुमच्याकडे कुलर कोणी घेत नाही, कारण ओल्या हवेत त्याचं पाणी फारसं उडत नाही. आमच्याकडे मार्चअखेरीपासून घरोघरी कुलरच्या ताट्या बदलतात, वाळा बाजारात येतो. गेल्या काही वर्षांत त्याच घरांतल्या एका खोलीत एसी आला. दोन्ही एका छपराखाली आले आणि दार मात्र एकच राहिलं. हा त्रास विदर्भातल्या घरांत मी सर्वात जास्त पाहिला आहे.

---

तिसरा_मजला
१६ मे, रात्री ११:१०

काका, हात थरथरतोय लिहिताना.

उदबत्ती धरली. धूर सरळ वर जायच्या ऐवजी आडवा होऊन खोलीत घुसला, कोणी ओढून घेतल्यासारखा. मुलीला बोलावून दाखवलं. दाराखाली माझी दोन बोटं सहज जातात, उंबरठा नाही, फरशी सलग आहे.

हॉलची दुसरी खिडकी बंद असते, डास येतात म्हणून. आणि हो, बेडरूमला लागून बाथरूम आहे. सासूबाईंना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, वास राहू नये म्हणून एक्झॉस्ट मी रात्रभर चालू ठेवते. बाथरूमचं दारही अर्धवट उघडं असतं, त्यांना अंधारात कडी चाचपायला नको म्हणून.

मागच्या वर्षीपर्यंत सासूबाई बाहेरच्या खोलीत झोपत. बायपासनंतर आत आल्या. म्हणजे एक्झॉस्ट तेव्हापासूनच रात्रभर चालू आहे. गॅस "कमी" झाला तोही तेव्हापासूनच! हे मला आज कळतंय.

आत्ता एक्झॉस्ट बंद केला आहे, दाराखाली जुनं धोतर गुंडाळून लावलं आहे. सकाळी सांगते.

---

तांब्याची_नळी
१७ मे, सकाळी ६:४०

एक्झॉस्ट ही माझ्या मनातली शंका होती. तो पंखा खोलीतली गार हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते, ती दाराखालून हॉलची ओली हवा येते. वरून कुलर तिकडून ढकलतो, कारण हॉलची खिडकी बंद असल्याने त्याच्या हवेला जायला दुसरी वाटच नाही. एक ढकलतो, दुसरा ओढतो, मध्ये तुमची दोन बोटांची फट.

बाबांचा कुलर बंद करू नका. त्यांच्या गुडघ्यांसाठी तोच बरा आहे आणि वीजही थोडीच खातो. फक्त हॉलची समोरची खिडकी चार बोटं उघडा, तिला डासांची जाळी लावून घ्या. कुलरला बाहेरची हवा आत आणि आतली हवा बाहेर असा वाहता मार्ग लागतो. कोंडलेल्या हॉलमध्ये कुलर तासाभरात चिकचिक करतो, मग बाबा पंप बंद करून नुसता पंखा ठेवत असतील. विचारून पहा.

एक्झॉस्ट आजींनी वापर केल्यावर दहा मिनिटं लावा आणि बंद करा. बाथरूमचं दार ओढून घ्या, आत छोटा दिवा रात्रभर लावून ठेवा, कडीऐवजी चुंबकाची पट्टी बसवा, म्हणजे ढकललं की उघडेल. त्यांना पडू द्यायचं नाही हे एसीपेक्षा महत्त्वाचं.

दाराखाली धोतर नको, आजींच्या पायात येईल. हार्डवेअरच्या दुकानात दाराला खालून लावायची रबरी पट्टी मिळते, ती आणा.

---

तिसरा_मजला
१८ मे, सकाळी ८:२०

दोन रात्रींचं लिहिते.

पहिल्या रात्री (एक्झॉस्ट बंद, धोतर लावलेलं, एसी २४ वर) सकाळी बादलीत तळाला पाणी होतं. मोजलं, दोन लिटर भरलं नाही. खोली २६ वर आली. अंगाला हवा वेगळी लागत होती, चादरी कोरड्या. सासूबाई म्हणाल्या, आज उशी ओली नाही. म्हणजे इतके दिवस उशी दमट व्हायची आणि त्या बोलल्या नव्हत्या.

काल रबरी पट्टी बसवली, हॉलची खिडकी उघडली. पंपाबद्दल तुम्ही म्हणालात तसंच निघालं, बाबा रात्री एक वाजता उठून पंप बंद करत होते. काल नाही उठले.

पण काका, कॉम्प्रेसर अजून कट झाला नाही. पहाटे चारला २५.५ होतं आणि तो चालूच होता. इतकं सगळं करूनही का?

---

अकोटफाटा
१८ मे, सकाळी १०:००

ताई, वरची गच्ची हात लावून पहा कधी. आम्ही अकोल्यात वरच्या मजल्यावरच राहतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एक-दोन वाजेपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. पंखा लावला की वरून गरम हवा अंगावर येते ती त्याचीच. आम्ही तीन वर्षांपूर्वी गच्चीला पांढरा चुना मारला, दोन हात, त्यात डिंकासारखं चिकटणारं मिसळून. दर एप्रिलला एक हात पुन्हा. संध्याकाळी अनवाणी चालता येतं आता. खर्च एका गॅस भरण्याहून कमी आला. सोसायटीची परवानगी घ्यावी लागते एवढंच.

---

तांब्याची_नळी
१८ मे, दुपारी १:३०

अकोल्याच्या दादांनी बरोबर सांगितलं, स्लॅबचा भार मोठा आहे. चुना जरूर मारा. तोवर दुपारनंतर सूर्य पश्चिमेला कलतो तेव्हा त्या बाजूच्या खिडकीला बाहेरून चटई किंवा हिरवी जाळी बांधा. आतला पडदा उशिरा अडवतो, तोपर्यंत ऊन काचेतून आत आलेलं असतं.

काही जण संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडतात. त्याचा उपयोग होतो, पाणी उडून जाताना लिटरमागे तेवढीच ०.६८ युनिट उष्णता नेतं. पण मे महिन्यात पाणी विकत घ्यायची वेळ येते तिथे मी ते सांगत नाही.

पण स्लॅब रात्री दोननंतर निवतो. पहाटे चारला, बाहेर तीस-एकतीसवर आलेलं असताना, हवा कोरडी असताना, अकरा बाय बाराच्या खोलीत दीड टनाने कट घ्यायलाच पाहिजे. म्हणजे आता मशीनकडे पहायची वेळ आली. हीच गोष्ट पहिल्या दिवशी केली असती तर काही कळलं नसतं, कारण दोन्ही दोष एकमेकांत मिसळलेले होते.

मला तुमच्या एसीत गॅस कमी नसून जास्त असल्याचा संशय आहे. मूळ दुखणं हवेचं होतं. मेकॅनिक दुपारी आला असणार, ४४ अंशांत. "थंड करत नाही" एवढं ऐकून त्याने दाब मोजायचं गेज लावलं आणि अंदाजाने सिलिंडर उघडला. दोनदा. गॅस बंद नळीत फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळतो आहे. मग कुठून गळतो ते कोणी दाखवलं का? साबणाचं पाणी लावलं का? भरण्याआधी पंपाने नळ्या पूर्ण रिकाम्या करून व्हॅक्यूम केलं का? गॅस मोजायला वजनकाटा आणला होता का?

गॅस जास्त झाला की बाहेरच्या कॉइलमध्ये द्रव साचतो, दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त अँपिअर खातो आणि गारवा मात्र कमी देतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते कॉम्प्रेसर थकल्यासारखंच दिसतं.

चांगला मेकॅनिक शोधा आणि त्याला सकाळी सहा-सातला बोलवा, भर दुपारी नको. एसीवर चिकटवलेल्या पाटीवरचे आकडे बाहेर ३५ आणि आत २७ अंश धरून छापलेले असतात, ४५ अंशांत कुठलाही एसी जास्तच अँपिअर दाखवतो आणि चांगलं मशीनही वाईट ठरतं. त्याला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून अँपिअर मोजायचा चिमटा) लावायला सांगा आणि पाटीवरच्या अँपिअरशी ताडून पहा. आत येणारी आणि बाहेर पडणारी हवा, दोन्हींचं तापमान मोजा, फरक दहा-बाराच्या आसपास हवा. त्याआधी आउटडोअरची जाळी पाण्याने धुऊन घ्या. तुमच्याकडे रस्त्याचं काम चालू असेल तर तिच्यात सिमेंटची धूळ बसलेली असणार. आउटडोअरचं झाकण स्वतः उघडू नका, आतला कॅपॅसिटर मेन बंद केल्यावरही झटका देतो.

---

ठाणे_पश्चिम
१८ मे, रात्री ९:४५

काका, माझाही प्रश्न घ्याल का? आमचा इन्व्हर्टर एसी आहे, तो तर कधीच थांबत नाही. नीट चाललाय की नाही हे ओळखायचं कसं? दर वेळी क्लॅम्प मीटरवाला कुठून आणू?

---

तांब्याची_नळी
१८ मे, रात्री १०:३०

इन्व्हर्टरने थांबू नये हाच त्याचा गुण आहे, तो वेग कमी करून चालू राहतो. म्हणून तो चालू आहे का हे न पाहता किती खातो ते पहा.

घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसकट, पाच मिनिटांसाठी. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटाला किती वेळा लुकलुकायचं ते मीटरवरच छापलेलं असतं, खूप मीटरांवर ३२०० असतं. एका मिनिटात किती वेळा लुकलुकला ते मोजा, साठने गुणा, ३२०० ने भागा. तेवढे किलोवॅट. एसी लावल्या लावल्या मिनिटाला ८० आले तर दीड किलोवॅट. दीड-दोन तासांनी, रात्री, पुन्हा मोजा. २५-३० वर उतरला असेल तर अर्धा किलोवॅट, म्हणजे मशीन उत्तम. तेव्हाही ८० च असेल तर तुमचा एसी आणि ताईंचा एसी एकाच दुखण्याचे.

---

तिसरा_मजला
२६ मे, सकाळी ९:१५

उशीर झाला लिहायला, मेकॅनिक मिळायलाच पाच दिवस लागले. फोनवर पहिला प्रश्न विचारायचे तो "वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप आहे का". तिघांनी फोन ठेवला. चौथा म्हणाला, आहे, पण सकाळी सहाला यायचे दोनशे जास्त घेईन. दिले.

क्लॅम्प मीटर लावल्यावर ८.९ आले, पाटीवर ७.४ आहे. आउटडोअर धुतल्यावर ८.५ झाले. जाळीतून चहासारखं पाणी निघालं. मग त्याने गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून काट्यावर ठेवला: १ किलो २८० ग्रॅम. पाटीवर लिहिलंय १ किलो ५० ग्रॅम. म्हणजे २३० ग्रॅम जास्त, आणि ते भरायचे पैसे मी दोनदा मोजले होते. नळ्यांमध्ये नायट्रोजन भरून अर्धा तास ठेवला, दाबाच्या गेजचा काटा हलला नाही. गळती कुठेच नव्हती. व्हॅक्यूम करून पाटीएवढाच गॅस वजन करून घातला. ७.३ अँपिअर. आतली हवा २६, जाळीतून बाहेर पडणारी १४.५.

काल नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. दिवसभर बाहेर पाय ठेववत नव्हता. रात्री दहाला एसी २४ वर लावला आणि मी जागीच राहिले. एक वाजून पस्तीस मिनिटांनी आउटडोअर खट् करून थांबलं. सासूबाई गाढ झोपल्या होत्या. बाहेर हॉलमध्ये कुलरचं पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता, तोही कितीतरी दिवसांनी ऐकला. चौदा मिनिटांनी एसी परत सुरू झाला.

गच्चीच्या चुन्याचं सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडलंय, वरचे चारही फ्लॅट तयार आहेत. कॉम्प्रेसर बदला म्हणणाऱ्याला मी काही बोलले नाही, पण काका, तुम्ही नसतात तर मी जूनमध्ये कर्ज काढून नवा एसी आणला असता आणि तोही असाच रात्रभर चालला असता. मोगऱ्याला आता नळाचं पाणी घालतेय.

---

तांब्याची_नळी
२६ मे, दुपारी १२:१०

ताई, फार बरं वाटलं. आजींना नमस्कार सांगा.

एक लक्षात ठेवा. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की बाहेरची हवाच ओली होईल आणि बादली पुन्हा भरायला लागेल. तेव्हा ते बरोबर असेल, घाबरून कोणाला बोलावू नका. त्या दिवसापासून बाबांचा कुलरही काम करणार नाही, त्यांना नुसता पंखा लागेल. कुलरची टाकी रिकामी करून, पुसून, उलटी करून ठेवा, डेंग्यूचे डास त्यातही होतात. आणि रबरी पट्टी काढू नका.